वरुणेचा फुगवटा आणि कामगाराची मजुरी

(वाराणसी येथील अभ्यासशिबिरात महाराष्ट्रातून आलेल्या रेल्वे कामगार प्रतिनिधींपुढे केलेले भाषण)

शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत आमच्या वाट्याला 'नदीखोरे, हवामानबदल आणि कामगार' असा विषय आला आहे. हा विषय वाचून काही साथींच्या कपाळाला आठ्या पडल्या, हे आम्हाला ठाऊक आहे. वेतन आयोग आहे, पेन्शन आहे, ठेकेदारी आहे, रिक्त जागा आहेत. ते सोडून युनियनने नदीवर कशाला बोलायचे? नदीवर बोलायला प्राध्यापक आहेत, साधू आहेत, पुढारी तर आहेतच.

तर आधी रेल्वेचेच बोलू. ४ ऑगस्ट २०१५ ची रात्र. मुंबईहून ह्याच वाराणसीला येणारी कामायनी एक्स्प्रेस इटारसीच्या अलीकडे, हरदा जिल्ह्यात, खिरकिया आणि भिरिंगी या स्टेशनांच्या मध्ये माचक नदीजवळ पोचली. मुसळधार पावसाने नदीचे पाणी भरावावर चढले होते. रुळाखालची खडी आणि माती वाहून गेली, रूळ लोंबकळला आणि गाडीचे डबे पाण्यात घसरले. थोड्याच वेळात समोरून येणारी जनता एक्स्प्रेसही तिथेच घसरली. तीसच्या आसपास माणसे गेली. आता विचारा, हा अपघात रुळाचा होता की नदीचा? कागदावर काहीही लिहा. त्या लहान नदीच्या खोऱ्यात काही तासांत जे पाणी पडले, ते भरावाखालच्या गाळ्यांतून निघून जाऊ शकले नाही, हा त्याचा साधा अर्थ आहे.

'पाणलोट' हा शब्द शहरातल्या परिसंवादात अलीकडे आला असेल, आपल्या खात्यात तो पहिल्यापासून आहे. पूल बांधायचा तर इंजिनिअर आधी नकाशावर त्या नाल्याचे पाणलोट क्षेत्र आखतो, किती पाणी येईल याचा हिशेब करतो आणि मग किती गाळे, किती रुंद, किती उंच हे ठरवतो. प्रत्येक महत्त्वाच्या पुलावर धोक्याची पातळी रंगवलेली असते. पावसाळा लागला की आपला गँगमन, ज्याला आता ट्रॅक मेंटेनर म्हणतात, रात्री बत्ती, झेंडे, फटाके घेऊन गस्तीला निघतो. पाणी कुठे तुंबले, कुठे भराव खचला, हे तो पायाने तपासतो. म्हणजे नदीची खबर ठेवणे हे आपल्या नोकरीतच आहे. अडचण एवढीच, की ते जुने पूल जुन्या पावसाच्या हिशेबाने बांधलेले आहेत आणि पाऊस आता त्या हिशेबाने पडत नाही.

आम्ही मिरजेचे. मिरजेच्या रेल्वे कामगाराला हे वेगळे शिकवावे लागत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला प्यायला पाणी उरले नव्हते, तेव्हा मिरजेहून पाण्याची गाडी सुटली. कोटा वर्कशॉपमध्ये धुऊन आलेल्या टाकीच्या वॅगनी, हैदरखान विहिरीतून भरणा, पहिल्या खेपेला दहा वॅगनींतून पाच लाख लिटर. नंतर पन्नास वॅगनींच्या रेकने ऑगस्टपर्यंत खेपा चालू होत्या. कृष्णेच्या खोऱ्यातले पाणी रुळावरून मांजरेच्या खोऱ्यात गेले. शंटिंगवाल्यांनी, पॉइंट्समननी, भरणा करणाऱ्या ठेक्यावरच्या पोरांनी ते काम केले. सत्कार कोणाचे झाले ते सोडून द्या. त्यानंतर तीनच वर्षांनी, ऑगस्ट २०१९ मध्ये, त्याच कृष्णेने सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ५७ फूट ओलांडले. धोक्याची पातळी तिथे ४५ फूट आहे. मिरज-कोल्हापूर लाईन पाण्यामुळे काही दिवस बंद राहिली. ज्या जंक्शनवरून आपण पाणी पाठवत होतो, त्याच्याच चारी बाजूंना पाणी. हवामान बदलले म्हणजे काय, याचे आमच्यापुरते उत्तर हे आहे. पाऊस कमी झाला किंवा जास्त झाला असे एका वाक्यात सांगता येत नाही. तो बेभरवशाचा झाला, आणि जो पडतो तो थोड्या दिवसांत ओतून मोकळा होतो.

आता ज्या गावी आपण बसलो आहोत, त्या गावाकडे येऊ.

वाराणसी म्हटले की आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढे गंगा येते. घाट, आरती, नावा. परंतु या गावाच्या नावातच दुसरी एक नदी आहे, वरुणा. आमच्याकडे सांगलीजवळ हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते, इथे वरुणा गंगेला मिळते. नावातले हे साम्य ऐकून आम्हाला तर ती घरचीच वाटली. ही नदी हिमालयातून येत नाही. प्रयागराजकडच्या फूलपूर भागात उगम पावते, भदोही आणि जौनपूरच्या शिवारातून वळणे घेत येते, आणि शहराच्या उत्तरेला आदिकेशव घाटाजवळ, सराय मोहाना गावापाशी गंगेत जाते. पावसावर आणि जमिनीतल्या झऱ्यांवर जगणारी नदी. आपल्या वाराणसी सिटी स्टेशनहून सारनाथला जाणारी लाईन तिच्यावरूनच जाते. कालच्या पॅसेंजरमध्ये खिडकीत बसलेल्या कितीजणांनी ती नदी म्हणून ओळखली असेल? बहुतेकांना तो नालाच वाटला असणार.

जुन्या लोकांनी हे शहर बसवताना डोके वापरले होते. गंगेचा पश्चिमेचा काठ कंकराचा, उंच आणि टणक आहे. वस्ती त्यावर केली. समोरचा काठ सखल आणि वाळूचा. तिथे घर बांधले नाही, ती जागा नदीला सोडली. आजही घाटावर उभे राहिले की पलीकडे रेतीच दिसते. उंच काठावरच्या गावाच्या आत पुन्हा कुंडे, तलाव, ओहोळ यांची माळ होती. त्यांतला मत्स्योदरी नावाचा तलाव मोठा. भर पावसाळ्यात गंगा फुगली की तिचे पाणी वरुणेच्या तोंडातून उलटे आत शिरायचे, ओहोळांतून मत्स्योदरीपर्यंत पोचायचे आणि गाव जणू पाण्याने वेढले जायचे. त्या काळी लोक याला पर्वणी मानीत. इंग्रज अमदानीत, १८२० च्या दशकात, जेम्स प्रिन्सेप या अधिकाऱ्याने भुयारी नाला काढून हा तलाव उपसला. रोगराई हटावी, जागा मोकळी व्हावी हा हेतू होता, आणि त्या काळच्या समजुतीप्रमाणे त्याने चांगलेच काम केले. पण उलट्या पाण्याला थांबायची जी जागा होती ती गेली. पुढे आणखी तलाव बुजले, त्यांवर बाजार झाले, बागा झाल्या, घरे झाली.

जाता जाता एक सांगतो. ह्याच काठावर बायजाबाई शिंदे यांनी १८३० च्या सुमारास मोठा दगडी घाट बांधवला. तो आपल्याच भाराने खचला, बाजूचे देऊळ आजही कलते उभे आहे आणि यात्रेकरू त्याचे फोटो काढतात. दगड महाग होता, कारागीर चांगले होते, पैशाला तोटा नव्हता. तरीही खालच्या मातीने ऐकले नाही. नदीकाठी बांधकामाचे मोठमोठे आकडे कोणी ऐकवू लागले की आम्हाला हा घाट आठवतो.

तर पाणी उलटे येते, हा या गावाच्या पुराचा मुख्य मुद्दा आहे. आमच्याकडच्या भाषेत याला फुगवटा म्हणतात. कृष्णा भरून चालली की वारणेचे, पंचगंगेचे पाणी उतरायला वाव राहत नाही, हे मिरज-कोल्हापूरच्या साथींना सांगायला नको. इथे राजघाटाला, जिथे १८८७ साली सुरू झालेला डफरिन पूल, म्हणजे आजचा मालवीय पूल आहे, गंगेची पातळी मोजतात. धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर. सप्टेंबर १९७८ मध्ये पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढले होते, तो उच्चांक अजून मोडलेला नाही. २०१३, २०१६, २०१९, २०२१, २०२२ आणि २०२५ या वर्षी गंगेने धोक्याची पातळी ओलांडली. घाट बुडतात, दहनाची जागा वर गल्लीत आणि गच्चीवर सरकते, आरती छपरावर होते. वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात. तेवढ्या वेळात तेच पाणी वरुणेच्या तोंडातून आत शिरून सरैया, नक्खी घाट, ढेलवरिया, कोनिया, हुकुलगंज अशा वस्त्यांत पोचलेले असते. त्याची छायाचित्रे आतल्या पानावर.

ह्यातले २०२२ साल नीट समजून घ्या, कारण सगळा प्रश्न त्या एका सालात आहे. त्या वर्षी उत्तर प्रदेशात पावसाने दगा दिला. ऑगस्टअखेर राज्यात पावसाची तूट चाळीस टक्क्यांहून अधिक होती. भाताची रोपे शेतात वाळत होती. आणि त्याच ऑगस्टच्या अखेरीस वाराणसीत गंगा धोक्याच्या वर वाहत होती! पाणी आले कुठून? राजस्थान आणि मध्य प्रदेशात पाऊस कोसळला, धरणांचे दरवाजे उघडले, चंबळ, बेतवा, केन यांचे पाणी यमुनेत आले, यमुनेचे प्रयागराजला गंगेत आले आणि इथे येऊन वरुणेत उलटे घुसले. म्हणजे वरुणेच्या वरच्या अंगाला, भदोहीकडे, शेतकरी आकाशाकडे बघत बसलेला, आणि तिच्याच खालच्या अंगाला विणकर गुडघाभर पाण्यात उभा. एकच नदी, एकच महिना.

भारतीय हवामान खात्याने १९८९ ते २०१८ या तीस वर्षांचा हिशेब मांडला आहे. पावसाळ्यातला पाऊस ज्या राज्यांत ठळकपणे घटला, त्यांत उत्तर प्रदेश आहे. उन्हाळ्यात वरुणेला स्वतःचे असे पाणी जवळजवळ राहत नाही. खोऱ्यातल्या बोअरनी जमिनीतले पाणी खाली ओढले, आणि झऱ्यांवर जगणाऱ्या नदीचे झरेच तुटले. मे महिन्यात शहरातल्या पुलावरून पाहाल तर वाहते ते बरेचसे शहराचे सांडपाणी. थोडक्यात, आठ महिने नदी नाही आणि दोन महिने दुसऱ्याची नदी घरात.

आता या पाण्यात उभा कोण, ते पाहू. सरैया, नक्खी घाटाच्या बाजूला विणकरांची वस्ती मोठी आहे. बनारसी साडीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांकाची नोंद मिळाली, नाव जगभर झाले. ती साडी ज्यावर निघते तो हातमाग बहुतेक खड्डामाग असतो. जमिनीत खड्डा, त्यात पाय, पायाखाली पावड्या. येवल्याच्या किंवा सोलापूरच्या साथींनी जुन्या घरांत तो पाहिला असेल. पूर दारापर्यंत यायच्या आधीच जमिनीतून ओल वर येते आणि सर्वांत आधी भरतो तो हा खड्डा. माग उचलून माळ्यावर टाकता येत नाही. रेशीम आणि जर तेवढी उचलून शेजाऱ्याच्या वरच्या मजल्यावर न्यायची. पाणी ओसरले तरी खड्डा वाळेपर्यंत काम नाही. जिथे यंत्रमाग आले तिथे मोटर वर टांगतात. पण पाण्यात करंट उतरू नये म्हणून वस्तीची वीज तोडावी लागते, तेव्हा उंचावरच्या घरातला मागही थांबतो.

विणकर नगावर काम करतो. साडी झाली तर मजुरी, नाही झाली तर नाही. सरकारी आपत्ती निवारणाच्या निकषांत हातमाग कारागिराच्या अवजारांसाठी आणि कच्च्या मालासाठी मदतीची तरतूद आहे, नुकसानीचा दाखला मिळाला तर. पण जो दुसऱ्याच्या मागावर, दुसऱ्याच्या रेशमावर बसतो, त्याचे अवजार कोणते आणि माल कोणता? बुडाली ती त्याची मजुरी, आणि दाखला मागाचा. नावाड्यांचेही तसेच. पाणी वाढले की प्रशासन नावा बंद करते. जिवाच्या काळजीने करते, त्याबद्दल तक्रार नाही. पण बंदीच्या दिवसांत नावाड्याच्या घरी चूल कशावर पेटते, हे त्या आदेशात लिहिलेले नसते.

आणि आपले? स्टेशनात झाडू मारणारे, डबे धुणारे, पार्सल चढवणारे ठेक्यावरचे कामगार कुठे राहतात याची चौकशी इथल्या शाखेने केली. भाडे परवडते ते सखल भागात, म्हणून त्यांतले बरेच ह्याच वस्त्यांत राहतात. घरात पाणी शिरले की माणूस पोरेबाळे घेऊन शाळेतल्या मदत छावणीत जातो. चार-सहा दिवस कामावर येत नाही. कायम कामगाराला रजा आहे. ठेक्यावरच्याला गैरहजेरी आहे, आणि परत येईपर्यंत जागेवर दुसरा माणूस उभा असतो. साथींनो, हवामानबदलाशी जुळवून घेणे म्हणून जे सांगतात, ते इथे रोज चालू आहे. ते चालू आहे कामगाराच्या खिशातून. माग उचलायचा खर्च त्याचा, भाडे दुप्पट त्याचे, बुडालेला खाडा त्याचा. युनियनने नदीवर बोलायचे कारण हेच आहे.

सरकारने काही केलेच नाही असे आम्ही म्हणणार नाही. २०१६ मध्ये वरुणेच्या काठाने कॉरिडॉरचे काम निघाले, सुमारे दोनशे कोटींचे. पात्र खोदणे, काठ बांधणे, फिरायला रस्ता, दिवे. संध्याकाळी चालायला बरी जागा झाली. पण पाणी ज्या तोंडातून येते ते तोंड उघडेच आहे, आणि ज्या डोक्याकडून यायला हवे तिथे, भदोही-फूलपूरकडे, कोरडच आहे; मधल्या काही किलोमीटरचा काठ बांधून दोन्हीपैकी कशालाच उत्तर मिळत नाही. वरुणा आणि असी या दोन नद्यांचे प्रकरण २०२१ मध्ये राष्ट्रीय हरित लवादापुढेही गाजले. २०२४ मध्ये केंद्र सरकार, डेन्मार्कचे सरकार आणि बनारस हिंदू विद्यापीठातील आय.आय.टी. यांनी मिळून लहान नद्यांसाठी एक प्रयोगशाळा इथे सुरू केली; वरुणेच्या सगळ्या खोऱ्याचा पाण्याचा हिशेब मांडणे आणि जमिनीत पाणी कुठे मुरवता येईल त्या जागा शोधणे, हे तिचे काम. हे काम आम्हाला पटते, कारण त्यात पुलाखालच्या तुकड्याऐवजी सबंध खोरे धरले आहे. एक मात्र विचारावेसे वाटते, की जागा सापडल्यावर तिथे फावडे कोण मारणार आणि त्याला रोज काय मिळणार?

हा प्रश्न खवचटपणाने विचारीत नाही. पाणलोटाचे काम म्हणजे शेवटी माती उचलण्याचे काम. आपल्या महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे नालाबांधावर, पाझर तलावांवर राबली आणि त्यातून रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला. आमच्या आधीच्या पिढीतले अनेक गँगमन त्या कामावरूनच रेल्वेत आले. त्या कामांत भ्रष्टाचार झाला, खडी फोडण्यातच वर्षे गेली, हे सगळे खरे. तरी दुष्काळ आणि मजुरी यांचा एकत्र विचार तिथे पहिल्यांदा झाला. इथून फार दूर नाही, प्रयागराजच्या पलीकडे फत्तेपूर जिल्ह्यात, २०१३ मध्ये ससुर खदेरी नावाची बुजलेली नदी रोजगार हमीच्या मजुरांनी ३८ किलोमीटर उकरली आणि तिच्या उगमाचा ठिठौरा तलाव मोकळा केला. नाव जरा गमतीचे आहे, सुनेला छळणाऱ्या सासऱ्याची कथा तिच्यामागे सांगतात. नदी मात्र वरुणेच्याच जातीची, मैदानातली, तलावावर जगणारी. वरुणेच्या वरच्या अंगाला असे तलाव गावोगावी आहेत. ते मोकळे झाले, त्यांत पाणी मुरले, तर उन्हाळ्यात नदीला थोडा जीव येईल. पुराचे उलटे पाणी त्याने थांबणार नाही, हेही स्पष्ट सांगतो. त्यासाठी खालच्या अंगाला सखल जमीन पाण्याला मोकळी ठेवावी लागेल. आणि तिथे राहणाऱ्यांना बुलडोझर दाखवून नव्हे, तर कामाच्या ठिकाणापासून चालत जाता येईल अशी उंचावरची जागा देऊन. गावाबाहेर पंधरा किलोमीटरवर घर दिले तर विणकर आणि सफाई कामगार महिनाभरात परत नदीत येऊन राहतील.

पुराबरोबर उन्हाचेही थोडे बोललेच पाहिजे, कारण नदी आटली की गाव जास्त तापते. १ जून २०२४ ला इथे लोकसभेचे मतदान होते. शेजारच्या मिर्झापूरसह उत्तर प्रदेशात त्या शेवटच्या फेरीत मतदानाच्या कामावरचे ३३ कर्मचारी उष्म्याने दगावले, असे राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनीच सांगितले. होमगार्ड होते, सफाई कामगार होते. लाईनवर दुपारी रूळ हाताला लागत नाही, हे आपण जाणतो. याबाबतीत एका युनियनने केलेले काम ध्यानात घेण्यासारखे आहे. 'सेवा' ही स्त्री कामगारांची संघटना, १९७२ ची. २०२४ च्या उन्हाळ्यात तिने राजस्थान, गुजरात आणि महाराष्ट्रातल्या सुमारे ५०,००० सभासद बायकांसाठी उष्म्याचा विमा चालवला. तापमान ठरलेल्या अंशावर गेले, की खात्यात पैसे. आजारपणाचा दाखला नको, पंचनामा नको. तापमापकाचा आकडा हाच दाखला. रक्कम लहान, काहींना तर ४०० रुपयेच मिळाले. आम्हाला त्यातली रक्कम महत्त्वाची वाटत नाही, पद्धत वाटते. राजघाटावर पाण्याची पातळी रोज मोजली जाते. ७१.२६२ मीटरचा आकडा ओलांडला, की वरुणेकाठच्या विणकराला, नावाड्याला, ठेक्यावरच्या कामगाराला त्या दिवसापासून खाड्याची भरपाई सुरू, असे का असू नये? पाणी मोजणारा माणूस सरकारचा, आकडा सरकारचा. वाद घालायला जागाच उरत नाही.

आपल्या कारभारात आपण काय करू शकतो, याचे दोन-तीन मुद्दे आम्ही ठरावाच्या मसुद्यात घातले आहेत. पहिला, पावसाळी गस्तीचा. माचकच्या अपघातानंतर कोणीही म्हणणार नाही की गस्त जुनी पद्धत झाली. जी.पी.एस. गळ्यात अडकवले म्हणजे गस्त होत नाही. माणूस चालला पाहिजे, आणि रात्री पुराच्या पट्ट्यात तो एकटा चालता कामा नये. एका बीटवर दोन माणसे, ही मागणी आपण खर्चाच्या नावाखाली सोडायची नाही. त्याच्या बरोबरीने खोऱ्यातल्या वरच्या बाजूची खबर हवी. एका स्टेशनने लाईन क्लिअर दिल्याशिवाय मागच्या स्टेशनावरून आपण गाडी सोडत नाही. मग वरच्या धरणाचा दरवाजा उघडला, नाल्याच्या डोक्यावर ढगफुटी झाली, ही बातमी कंट्रोलला आणि कंट्रोलमधून गस्तवाल्याच्या हातात त्याच तासाला का पोचू नये? हवामान खात्याचे इशारे येतात, ते साहेबांच्या टेबलावर थांबतात की मुकादमापर्यंत जातात, हे प्रत्येक शाखेने आपल्या सेक्शनवर तपासून लिहायचे आहे.

दुसरा, पाण्याच्या जागांचा. वाफेच्या इंजिनाला पाणी लागायचे म्हणून रेल्वेने एके काळी धरणे आणि तळी बांधली. लोणावळ्याचे भुशी धरण, जिथे आता मुंबईकर पावसाळ्यात भिजायला जातात, ते जी.आय.पी. रेल्वेने इंजिनांसाठीच बांधले. वाफ गेली, डिझेल आले. डिझेलही आता चालले, वाराणसीचा डिझेल कारखाना २०२० पासून बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स म्हणून विजेची इंजिने करतो. इंजिनाला पाणी नको झाले, तशी तळी आपल्या डोक्यातून गेली. काही बुजली, काहींवर क्वार्टर उभे राहिले. आपल्या आवारात किती तळी, किती विहिरी, किती मोऱ्या आहेत आणि त्यांतल्या किती जिवंत आहेत, ही मोजदाद शाखांनी करावी. निवृत्त साथींना बरोबर घ्या, त्यांना जागा पाठ आहेत. राजघाटाला गंगेवर नवा पूल मंजूर झाला आहे, ऑक्टोबर २०२४ मध्ये, चार रेल्वे लाईन आणि सहा पदरी रस्ता. अशी नवी कामे होताना भरावाखालून जुने ओहोळ वाहते राहतात की नाही, हे पाहायला इंजिनिअरबरोबर कामगाराचेही डोळे असावेत.

तिसरा मुद्दा ठेक्यावरच्या कामगारांचा, आणि आमच्या मते सर्वांत आधी हाच हाती घ्यावा. ज्या दिवशी जिल्हा प्रशासन वस्ती खाली करायला सांगते, त्या दिवसापासून ती वस्ती पुन्हा मोकळी होईपर्यंत त्या वस्तीत राहणाऱ्या कामगाराची हजेरी लागली पाहिजे आणि जागा राखली पाहिजे. हे ठेक्याच्या अटींत लेखी आले पाहिजे. तोंडी आश्वासने पुराच्या पाण्याबरोबर जातात. सांगली-मिरजेत, मुंबईत, चिपळूणला, भुसावळला, जिथे जिथे पाणी शिरते तिथल्या शाखांनी हीच अट आपल्या ठिकाणी मागायची आहे. त्यासाठी आधी यादी लागेल: कोणता कामगार कोणत्या वस्तीत राहतो, २०१९ नंतर त्याचे किती खाडे पुरात गेले, किती पैसे कापले गेले. ही यादी आपल्याकडे नाही, आणि यादीशिवाय बोलणीला बसण्यात अर्थ नाही. छापील तक्ता दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे, प्रत्येक शाखेने वीस प्रती न्याव्यात.

दुपारी दोन वाजता आपण सारनाथ लाईनच्या वरुणा पुलापर्यंत पायी जाणार आहोत. इथल्या शाखेचे साथी बरोबर आहेत. पुलाची धोक्याची पातळी कुठे लिहिली आहे ते पाहा, मग खाली उतरून जवळच्या घरांची जोती त्या पातळीच्या किती खाली आहेत ते टेप लावून मोजा आणि वहीत लिहा. टेप आम्ही आणली आहे.